नरसाळ्यावरचं फडकं

"काकी, जोर नका लावू, किल्ली तुटेल," नंदू म्हणाला. "आधी घरी जाऊन हातपाय तरी धुवा. आत्ता तर गाडीतून उतरलात."

मी कुठली ऐकते! सतरा दिवसांनी गावाहून आले होते. खाजे-करंज्यांची पिशवी गेटपाशीच टाकली होती आणि बिल्डिंगच्या मागच्या अंगाला चौथ्या पिंपाच्या गंजलेल्या कुलपाशी झटत होते. गेटातून आत शिरताना नंदूने, आमच्या वॉचमनने, एकच बातमी दिली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या तायड्यांची श्रुतिका परवापासून हॉस्पिटलात आहे. डेंग्यू. पेशी कमी होतायत. तो शब्द कानावर पडला आणि माझे पाय जिन्याकडे वळायच्या ऐवजी पिंपांकडे वळले.

कुलूप निघालं. मी झाकण उचललं.

पाणी नितळ होतं, पार तळ दिसत होता. आणि त्या नितळ पाण्यात केसाएवढ्या काळ्या अळ्या वळवळत वर येत होत्या, खाली जात होत्या. पाच-दहा नाहीत, मोजायला बसलं तर दुपार होईल एवढ्या. माझी सावली पडली तशा सगळ्या एकदम तळाशी गेल्या.  मी पिंपाची कड घट्ट धरली.

"अरे देवा," मी म्हटलं. "नंदू, हे काय रे झालं?"

नंदूने नुसतं पिंपात डोकावून पाहिलं.  सांगायचं ते त्याने सतरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं.

आता हे पिंपांचं काय प्रकरण ते सांगते. मी विमला घाडी. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते. सात मुख्याध्यापक आले नि गेले, घंटा मीच दिली. लग्न होऊन आले तेव्हा आमची खोली लालबागच्या चाळीत होती, आमचे गुणाजी मिलमध्ये. पहाटे चारला पाणी यायचं, तासभर. शेजारणी तांब्या-तांब्याने पाणी पळवायच्या म्हणून सासूने पिंपाला कुलूप ठोकलेलं आणि किल्ली कमरेला. सासू गेली, कुलपाची सवय मला देऊन गेली. मिल गेली, चाळ गेली, आम्ही इथे नाहूरला आलो, पाच वर्षांपूर्वी गुणाजीही गेले. सवय काही जाईना.

त्याच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात इथे नळाला करंगळीएवढी धार येत होती. अख्खी बिल्डिंग टँकरमागे बादल्या घेऊन धावली. त्यानंतर मीच सगळ्यांच्या मागे लागले. गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवलं, घराघरातल्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी गोळा करायला लावलं. चार निळी पिंपं झाली. जिने धुवायला, झाडांना, संडासाला तेच पाणी. पहिल्या महिन्यात आमचे सेक्रेटरी राजेश यांनी त्यातून गाडीला शाही आंघोळ घातली. मग काय, चारही पिंपांना मी कुलपं ठोकली. किल्ली कमरेला. लोक हसले. हसू देत.

तीन पिंपं अगदी बंद. चौथ्याच्या झाकणाला भोक पाडून त्यात नरसाळं बसवलेलं, मुलांसाठी. शाळेतून आलं की बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात ओतायचं, बाटली उलटी करून शेवटचा थेंब झटकायचा, मग घरी. नरसाळ्यावर जुन्या लुगड्याचं फडकं, डास जाऊ नयेत म्हणून. मुलांनी फडकं काढायचं, घडी करून बाजूच्या विटेखाली ठेवायचं. संध्याकाळी मी उतरायचे आणि दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारायचे. गाठीचं काम माझं, कारण मुलांची गाठ म्हणजे फूऽ केलं की सुटते. आणि दर शनिवारी कोरडा दिवस. चारही पिंपं ओतायची, आतून घासायची, उन्हात पालथी घालायची. डासाची अळी आठवड्यात उडायला लागते, हे शाळेत दर वर्षी महापालिकेच्या डास मारणाऱ्या खात्याची माणसं येऊन सांगायची, मी पाठच केलं होतं. चार वर्षांत एक शनिवार चुकवला नाही.

इतर मुलांना आठ दिवसांत कंटाळा आला. श्रुतिकाला नाही आला. तिसरीतली पोर, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. "आजी, आज माझं एवढं उरलं," म्हणून बोटांनी दाखवायची.

गणपतीला गावी निघाले तेव्हा नंदूने किल्ली मागितली होती.

"काकी, किल्ली देऊन जा. शनिवारी मी ओततो ना."

"काही नको. तू राजेशभाऊंची गाडी धुवायला देशील पाणी. आठ दिवसांत तर येते मी."

आठाचे सतरा झाले, कारण विसर्जनाच्या वाटेवर माझे दीर, लवूभावोजी, घसरले आणि त्यांचा पाय मोडला. मधे नंदूचा फोन आला होता. "काकी, दुसरा शनिवार आला. कुलूप तोडू का?" मी त्याच्यावर खेकसले होते, "खबरदार! दोन दिवसांनी येतेच आहे." त्या दोन दिवसांचा आठवडा झाला.

आणि आता झाकण हातात धरून मी उभी होते. नरसाळ्यावर फडकं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या विटेखाली ते होतं, चौकोनी घडी घातलेलं, कडेला कड लावून. अशी घडी या बिल्डिंगमध्ये एकच पोर घालते, मीच शिकवलेली. म्हणजे मी गेल्यावरही ती रोज येत होती. पहिल्या दिवशी तिने फडकं काढलं, शिकवल्याप्रमाणे विटेखाली ठेवलं. संध्याकाळी गाठ मारायला आजी नव्हती. नरसाळं उघडं राहिलं आणि ती रोज त्यात बाटली ओतत राहिली, उघड्या पायांनी, पिंपाला अगदी चिकटून.

 खरं सांगते, त्या क्षणी पोरीचा विचार आधी आला नाही. आधी आलं ते हे की कुणी बघायच्या आत हे पाणी गेलं पाहिजे.

मी पिंपाला रेटा दिला. ते काय हलतंय! नंदू पुढे आला आणि त्याने दुसरी कड धरली. "सोडा, कंबर जाईल तुमची." आम्ही दोघांनी मिळून पिंप फरशीवर उन्हात ओतलं. पाणी पसरलं, अळ्या फरशीवर तडफडल्या आणि थोड्या वेळाने थांबल्या. मी पिंप आतून काथ्याने घासलं, नखं निघेपर्यंत घासलं. फडकं कमरेला खोचलं. नंदू बघत होता.

"कुणाला सांगू नकोस रे," मी म्हटलं.

आयुष्यात असं वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. शाळेत चोरी झाली की मुलं मला असं म्हणायची.

अकरा वाजता महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची दोन माणसं आली. डेंग्यूचा पेशंट सापडला की येतातच ती, फवारणी करतात, कुंड्या तपासतात. त्यांच्यामागून राजेश, हातात मोबाइल. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते, अजून गावच्याच साडीत. 

त्यांतला वयस्कर माणूस थेट चौथ्या पिंपाकडे गेला. त्याने आत बोट फिरवलं, मग फरशीकडे पाहिलं. ओल अजून वाळली नव्हती. तो उकिडवा बसला आणि फरशीच्या फटीतून चिमटीने काहीतरी उचललं.

"आज ओतलंय हे," तो म्हणाला. "भरपूर होत्या. किती दिवस साठलेलं पाणी?"

राजेश नंदूकडे वळले. "काय रे? काकी गावाला होत्या, किल्ली तुलाच देऊन गेल्या असतील, मग बघायचं कुणी? सतरा दिवस काय झोपला होतास? आणि आता आम्हाला न सांगता गुपचूप ओततोस?"

नंदूने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली घातली. चाळिशीचा माणूस, दोन मुली गावी शिकतायत.

तो गप्प राहिला. आणि मीही गप्प राहिले.

 बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं. पण डोळ्यांसमोर अख्खी बिल्डिंग येत होती, बोट दाखवणारी. ही घाडीण, पाण्याची मालकीण, हिने पोर मारली. पोर अजून जिवंत होती आणि मी मनातल्या मनात तिला मारूनही मोकळी झाले होते.

"पोरीचं काही बरंवाईट झालं तर तुला सोडणार नाही," राजेश म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. एजन्सीला दुसरा माणूस पाठवायला सांगतो."

"साहेब, याच पाण्याचा डास तिला चावला हे कुणी सांगू शकत नाही," तो खात्यातला माणूस म्हणाला. "समोर बांधकाम चालू आहे, शाळा आहे. कुठला डास कुणाला कुठे चावला, त्याची कुठे नोंद असते?"

मी त्या वाक्याला धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. नाही धरता आलं.

दोन वाजता मी मुलुंडला हॉस्पिटलात पोचले. का गेले? घरात बसवेना म्हणून. खाटेवर श्रुतिका एवढीशी दिसत होती. हाताला सुई, ओठ सुकलेले, हिरड्यांतून रक्त येऊन गेल्याचा डाग उशीच्या अभ्र्यावर. बाप प्रितम तिथे नव्हता; शीतल, तिची आई, मला बघून उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"काकी, तुम्ही आलात, बरं झालं. सकाळी पेशी बावीस हजार होत्या. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. प्रितम रक्तपेढीत गेलाय. मला ना, एकटीला फार भीती वाटत होती हो."

तिचे हात गरम होते आणि माझे बर्फासारखे.

"जरा बसता हिच्यापाशी? मी सिस्टरला विचारून येते, रिपोर्ट आला का."

ती गेली. मी स्टुलावर बसले. श्रुतिकाने डोळे किलकिले केले.

"आजी, तू आलीस?"

"आले गं माझी बाय."

तिने हात सरकवून माझ्या मांडीवर ठेवला. पापण्या मिटल्या, मला वाटलं झोपली. मग अगदी हळू म्हणाली, "आजी, मी फडकं घडी करून ठेवलं. पण मला गाठ मारता येत नव्हती. मी दोनदा मारली. सुटली."

 पोर तापात हेच घेऊन पडली होती, आजी रागावेल म्हणून.

"गप, बाळा," मी तिच्या कानाशी म्हटलं. "ते फडकं मीच सोडून गेले होते. माझी चूक. तू काही नाही केलंस. हे कुणाला सांगायचं पण नाही, आईला पण नाही. कळलं?"

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. मला त्या हाताचं ओझं सहन होईना. एवढासा हात, तो मणामणाचा झाला.

शीतल परत आली. "रिपोर्ट सहाला," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आणि मग माझ्या तोंडून निघालंच.

"शीतल, पिंपात अळ्या होत्या."

"कुठल्या पिंपात?"

"नरसाळ्याच्या. किल्ली माझ्याकडे, गावाला. नंदूने मागितली होती, मी दिली नाही. त्याने फोन केला, त्याच्यावरच ओरडले. सकाळी मी ते पाणी लपवून ओतलं, आणि राजेशने नंदूला काढलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. नंदूचा काही दोष नाही." मी थांबले. "आणि निघायच्या घाईत नरसाळ्यावर फडकं बांधायचं मीच विसरले."

एवढं एकच खोटं बोलले. बाकी सगळं खरं.

शीतलने माझ्या खांद्यावरचा हात काढला. तिने श्रुतिकाकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या तिच्या हाताकडे. तो हात तिने उचलला आणि चादरीवर ठेवला.

"एवढ्याशा पाण्यासाठी?" ती म्हणाली. "कुलूप?"

मी स्टुलावरून उठले.

"बाहेर बसा, काकी. माझ्या तोंडातून काही वाकडंतिकडं निघायच्या आत बाहेर बसा."

मी बाहेर बसले. लोखंडी बाकडं, समोर हिरवा पडदा, कुणीतरी सारखं फिनाईलचं पुसणं मारून जात होतं.  सिस्टर जरा झपझप चालली तरी मी उठून उभी राहायचे. शेवटी डोळे मिटून मनातल्या मनात आमच्या गावच्या देवाला पोरीसाठी गाऱ्हाणं घातलं. बा देवा रवळनाथा, माका काय करूचा ता कर, पण त्या चेडवाक आज राख, म्हाराजा. पण गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कुणीतरी लागतं. गावाला दहा जणं असतात, भावोजी घालायचे आणि आम्ही सगळी म्हणायचो. इथे माझ्या शेजारी बाकड्यावर कुणी नव्हतं. मीच घातलं, मीच पुटपुटले, व्हय म्हाराजा. ते देवाला पोचतं की नाही कोण जाणे.

सहाला रिपोर्ट आला नाही. सात वाजले. सव्वासातला प्रितम बाहेर आला. त्याला कळलं होतं, चेहऱ्यावरूनच दिसत होतं. तो माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला.

"एकतीस हजार," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "चढतायत. तुम्ही जा आता घरी."

मी बाकड्याला धरून कशीबशी उठले. तो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. मी भिंत धरून गेले.

परत आल्यावर घरी गेलेच नाही. आधी राजेशच्या दारात गेले आणि बेल दाबून धरली.

"राजेशभाऊ, नंदूला उद्या कामावर बोलवा. चूक माझी आहे. किल्ली माझ्या कमरेला होती."

"काकी, तुम्ही? मग सकाळी..."

"सकाळी घाबरले होते. आत्ताही घाबरलेलीच आहे. पण बोलवा त्याला."

रविवारी खाली पार्किंगमध्ये सगळे जमले. मी उभी राहून परत सगळं सांगितलं. फडक्याचंही तेच, मी विसरले म्हणून. कुणी म्हणालं, म्हातारीचं पाण्याचं वेड एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार होतंच. कुणी म्हणालं, ती पिंपं आधी भंगारात घाला. मी मान हलवली, घाला म्हटलं. तेव्हा हॉस्पिटलातून कपडे न्यायला आलेला प्रितम मागून बोलला.

"पिंपांनी काय केलंय? मे महिन्यात टँकरमागे धावलो ते विसरलात एवढ्यात? पिंपं राहू देत. कुलपं काढा."

मग असं ठरलं. किल्ली-कुलपं गेली, कड्या आल्या, सगळं नंदूकडे सोपवलं. मी कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "काकी, आता कुलूपच नाही, तर हिचं काय करू?" मी म्हटलं, "ठेव. माझ्याकडे नको."

श्रुतिका आठव्या दिवशी घरी आली. मी दाराच्या फटीतून पाहिलं, प्रितमने उचलून आणली होती. खाली नाही उतरले. शीतल जिन्यात भेटली की भिंतीकडून निघून जाते. मी तरी कुठल्या तोंडाने हाक मारू? आणि भीती गेली असं समजू नका. पोर बरी झाली, भीती माझ्याकडेच राहिली. बिल्डिंगमध्ये कुणी शिंकलं तरी मी जागची उठते. कुणाला ताप आला कळलं की दोन दिवस जेवण जात नाही. शनिवारी खालून पिंप गडगडल्याचा आवाज येतो, नंदू घासतो तो खरखराट येतो, तेव्हा कुठे जरा बरं वाटतं.

श्रुतिकाची शाळा परत सुरू झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी कोपऱ्याच्या खिडकीत होते, तिथून गेटही दिसतं आणि पिंपंही. शाळेची गाडी आली. शीतलने पोरीचं दप्तर घेतलं, हात धरला. वाटलं, सरळ जिन्याकडे जातील. पण श्रुतिका मागच्या अंगाला ओढायला लागली. शीतल जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग तिच्याबरोबर गेली.

श्रुतिकाने पिंपापाशी उभी राहून फडकं सोडलं. बाटली ओतली, उलटी केली, शेवटचा थेंब झटकला. आणि सवयीने फडक्याची चौकोनी घडी घालून विटेकडे वाकली.

शीतलने तिचा हात धरला. घडी मोडली आणि फडकं परत नरसाळ्यावर पसरलं. दप्तर खाली ठेवून ती पोरीच्या मागे गुडघ्यावर बसली आणि तिच्या हातात दोरी दिली. मला वरून ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होते. एक वेढा. दुसरा वेढा. मग गाठ. श्रुतिकाची सुटली. शीतलने परत दोरी तिच्या हातात दिली. परत सुटली. तिसऱ्यांदा शीतलने आपली बोटं तिच्या बोटांवर ठेवली आणि दोघींनी मिळून ओढली.

 पोरीने गाठ सुटल्याचं सांगितलं होतं तिला. तिला सगळं माहीत होतं, माझं खोटंसुद्धा.

शीतल उठली, पदराने हात पुसले. गाठ एकदा ओढून पाहिली. दप्तर उचलून निघाली तेव्हा माझ्या खिडकीखालूनच गेली. तिने वर पाहिलं नाही, आणि मीही मागे सरले नाही.